टू-इन-वन वाजायला लागला

ती. आई-बाबा,
सा. न.

आपला रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन वाजायला लागला. परवा रात्री आजीच्या ओव्या ऐकल्या. लगेच फोन करणार होते, पण तुम्ही झोपला असाल म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

बाबा, कॅसेट तुमच्या हातून बिघडली नाही. चुकीचं बटण दाबलं म्हणून टेप गुरफटली, हे तुम्ही गणपतीपासून मनाला लावून घेतलंय. सेट खोलून बघितला तर आत दोन रबरी पट्टे. मोठा ठीक होता. टेप गुंडाळून घेणाऱ्या चाकाला फिरवणारा छोटा पट्टा मात्र डांबरासारखा चिकट झालेला, बोटं काळी झाली माझी. रबर जुनं झालं की असं होतं, मशीन वापरा नाहीतर कपाटात ठेवा. चाक थांबलं, पण टेप पुढे सरकवणारी दांडी फिरतच राहिली. मग ती टेप जाणार कुठे? रोलरभोवतीच गुंडाळली गेली.

आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काळं पुसून काढलं. दोऱ्याने घेर मोजला आणि ताण बसावा म्हणून त्याहून किंचित लहान पट्टा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला.

आई, तू म्हणायचीस ती घरघर विजेच्या भागातली होती. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. ती एकाच दिशेने वळवली तरी सेकंदाला १०० हेलकावे उरतात. ते शांत करतो कपॅसिटर. त्याच्या पोटात ओलसर रसायन असतं, ते वर्षानुवर्षं सुकत जातं. आत साधारण १० अंश जास्त गरम राहिलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, आणि आपला सेट कायम फ्रिजवर, मागून येणाऱ्या उष्णतेत. जुना कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, ८५ अंशांचा होता. मायक्रोफॅरड, म्हणजे त्याची साठवणक्षमता, तेवढेच ठेवून २५ व्होल्ट, १०५ अंशांचा बसवला. धन-ऋण टोकं तीनदा तपासली, कारण उलटा लागला तर तो फुटू शकतो. घरघर गेली.

आता सेट शोकेसमध्ये ठेवा. वापरत नसाल तेव्हा सेल काढून ठेवा, गळले की त्यांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या गंजतात. आणि बाबा, कळकळीने सांगते, हे वाचून टीव्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट राहिलेले असू शकतात. मी आल्यावर दोघं मिळून बघू.

टेप चुरगळली तिथे आजीचा आवाज क्षणभर हेलकावतो. तेवढा तुकडा कापून टेप जोडता आली असती, पण ओवीतला एक शब्द गेला असता. माझा हात धजला नाही. ती बाजू कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली आहे.

दुसरी बाजू अजून लावलेली नाही. शनिवारी येतेय, तेव्हा आपण तिघं ऐकू.

तुमची,
धाकटी