स्वस्त पार्सलचं गणित

महोदय,

‘बाहेरच्या देशातून मागवलं की निम्म्या किमतीत मिळतं, म्हणजे आपला दुकानदार लुटतो,’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. पण आपला दुकानदार आणि बाहेरचा विक्रेता, दोघांना नियम तरी सारखे होते का? दुकानदार घाऊक माल आणतो तेव्हा त्यावर आयातशुल्क भरतो. जागेचं भाडं, पगार, वीजबिल वेगळंच. तोच शर्ट ग्राहकाच्या नावाने सुटा आला की अनेक देशांत शुल्क माफ! अमेरिकेत ही माफी ८०० डॉलरपर्यंत होती. चीनमधून येणाऱ्या मालासाठी ती मे २०२५ मध्ये उठवली, बाकी देशांसाठी ऑगस्टअखेर. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या आयातीवरची व्हॅटमाफी जुलै २०२१ मध्येच बंद केली होती. म्हणजे स्वस्ताईचा बराचसा वाटा या सवलतीचा होता.

शिवाय कपडा फोटोत पारखता येत नाही. दुकानात तो उलटा करून शिवण बघता येते, कापड चिमटीत धरता येतं. घरी आलेला विरविरीत निघाला, शिवणीत जादा कापडच सोडलेलं नसलं, तर उसवून सैलही करता येत नाही. परत पाठवायचा खर्च पुष्कळदा किमतीच्या वर जातो, मग तो कपाटात पडून राहतो. जवळपास न मिळणारी मापं किंवा सुटे भाग बाहेरून मागवावेत, त्याला माझी ना नाही.

दुकानदारांनीही मात्र वस्तू बदलून मागितली की कपाळाला आठ्या घालणं सोडावं. बिल तर न मागता द्यावं.

– एक वाचक