नव्या करापूर्वी जुन्या निधीचा हिशेब गावाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खनिजांवर कर लावण्याचा हक्क महाराष्ट्राने विनाविलंब वापरावा, असे सांगणारा आपला कालचा अग्रलेख मी लक्षपूर्वक वाचला. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने स्वामित्वधन, म्हणजे खनिज काढण्याबद्दल द्यावी लागणारी रॉयल्टी, हा कर नव्हे, त्यामुळे राज्यांना खनिजांवर वेगळा कर लावता येतो, असा निर्णय दिला, पुढे १४ ऑगस्टला १ एप्रिल २००५ पासूनच्या कराची मागणी करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि ती रक्कम १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत चुकती करायची असे ठरले, हे सारे आपण नीट मांडले आहे आणि त्यातील कायद्याच्या भागाशी माझे भांडण नाही. माझी तक्रार अशी की, केंद्राच्या तिजोरीत किती जावे आणि राज्याच्या तिजोरीत किती यावे, एवढ्यावरच तो अग्रलेख संपतो. ज्यांच्या शेताखालून कोळसा निघतो, त्या गावांचा उल्लेख त्यात एका ओळीनेही नाही.

या गावांसाठी कायद्यात काही तरतूदच नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. २०१५ साली खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ९-ब आले आणि खाणकामाची झळ बसलेल्या प्रत्येक जिल्ह्यात, खाणचालकांनी भरलेल्या निधीतून काम करणारे जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचे ठरले. बाधित व्यक्ती आणि बाधित क्षेत्र यांच्या हितासाठी व लाभासाठी काम करणे, हा त्याचा उद्देश त्या कलमातच लिहिलेला आहे. त्याच वर्षी प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजना आली आणि या निधीतील किमान ६० टक्के (२०२४ पासून ७० टक्के) रक्कम उच्च प्राधान्याच्या कामांवर खर्च झाली पाहिजे, असे तिने बजावले. त्या कामांच्या यादीत पिण्याचे पाणी सर्वांत वर आहे.

माझे माहेर वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसापट्ट्यात, एका उघड्या खदानीच्या कडेला आहे. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा थोरला भाऊ अजून तिथेच राहतो आणि ज्या कार्यालयाविषयी मी पुढे लिहिणार आहे, त्याच्या दारात त्याला पुन्हा उभे राहायचे आहे. आमच्या अंगणातील विहीर आजोबांनी बांधलेली असून, दोर घासून तिच्या दगडी काठाला पडलेल्या खाचा आजही बोटाला लागतात. खदान जसजशी खोल गेली, तसतसे या विहिरीचे पाणी खाली गेले. खदानीचा तळ भूजलाच्या पातळीखाली उतरला की भोवतालच्या शिवारातील पाणी त्या खड्ड्याकडे झिरपत जाते, आणि कोळसा काढता यावा म्हणून ते रात्रंदिवस पंपांनी उपसून नाल्यात सोडावे लागते, हे खदानीत काम करणारा कोणीही सांगेल. आमचा पोहरा आधी मे महिन्यात कोरडा वर येत असे, नंतर होळीला येऊ लागला आणि शेवटी दिवाळी सरताच विहीर आटू लागली. आता एखादे मूल आत पडू नये म्हणून तिच्यावर लोखंडी जाळी टाकली आहे.

घराच्या भिंतींचेही तेच झाले आहे. दुपारी खदानीत ब्लास्टिंग होते तेव्हा फडताळातील भांडी वाजतात. भिंतीला भेग दिसली की माझा भाऊ तिच्यावर आडवी कागदी पट्टी खळीने चिकटवतो आणि पट्टीवर तारीख घालतो. पट्टी मधोमध फाटली की भेग वाढली हे कळते, मग तो शेजारी दुसरी लावतो. देवघराच्या भिंतीवर अशा फाटलेल्या पट्ट्यांची रांगच झाली आहे. त्याच्या अर्जावरून पाहणीला आलेल्या गृहस्थांनी त्या वाचण्याची तसदी घेतली नाही. काळ्या मातीत पाया असला की भेगा जातातच, असे सांगून त्यांनी कागदावर सही केली आणि ते निघून गेले.

अशा या गावाला प्रतिष्ठानाच्या निधीतून पाणी शुद्ध करणारे यंत्र मिळाले. आमच्याकडे त्याला सगळे आरओ म्हणतात. फीत कापली गेली, फलक लागला, नाणे टाकले की कॅन भरू लागला आणि गाव खरोखर सुखावले. आमच्याकडील पाणी फार जड असल्यामुळे यंत्रातील मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, लवकर चोंदते आणि ते बदलायला पैसे लागतात. तो खर्च ग्रामपंचायतीने करायचा होता, पण ही गोष्ट ग्रामसभेत कोणी मांडलीच नव्हती. निधी यंत्राच्या खरेदीला मिळाला, देखभालीला मिळाला नाही. पुढे ग्रामपंचायतीचे वीजबिल थकले, जोडणी तोडली गेली आणि शटरला कुलूप लागले. ज्या गावच्या कोळशावर दूरदूरच्या शहरांचे दिवे लागतात, त्या गावच्या पाण्याच्या यंत्राची वीज थकबाकीपोटी कापली जाते, याचा मला संताप येतो. माझी वहिनी आज जारवाल्याच्या गाडीची वाट पाहत दारात उभी असते आणि पिण्याचे पाणी विकत घेते.

भावाने दुसऱ्या एका अर्जात दोनच गोष्टी विचारल्या होत्या. बाधित व्यक्तींच्या यादीत आमच्या गावातील कोण कोण आहे, आणि या यंत्राच्या देखभालीची जबाबदारी मंजुरीच्या वेळी कोणावर टाकली होती? पहिल्या टेबलावर त्याला ग्रामपंचायतीकडे पाठवले, ग्रामपंचायतीने पाणीपुरवठा विभागाकडे बोट दाखवले आणि त्या विभागाने त्याला पुन्हा पहिल्याच टेबलावर आणून सोडले. तेथील लिपिक त्याला म्हणाला, "काका, तुमचं गाव बाधित आहे. पण तुम्ही स्वतः बाधित आहात की नाही, ते बघावं लागेल." गावाच्या लोकप्रतिनिधींशी विचारविनिमय करून बाधितांची अद्ययावत यादी ठेवावी, हे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितले आहे. अंगणातील विहीर आटलेल्या आणि घराच्या भिंती तडकलेल्या माणसाला, आपण बाधित आहोत हे सिद्ध करण्यासाठी टेबलामागून टेबल हिंडावे लागत असेल, तर ही यादी नेमकी कोणासाठी ठेवली जाते, हे शासनाने सांगितले पाहिजे.

आता आपल्या अग्रलेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येते. कोळशावरील स्वामित्वधन किमतीच्या १४ टक्के आहे, म्हणजे हजार रुपयांच्या कोळशावर १४० रुपये. खाणपट्टा १२ जानेवारी २०१५ पूर्वीचा असेल तर स्वामित्वधनाच्या ३० टक्के, म्हणजे ४२ रुपये प्रतिष्ठानात जमा होतात, आणि त्यानंतरचा असेल तर १० टक्के, म्हणजे अवघे १४ रुपये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केल्यानंतर लिलावाची पद्धत आली, २०२० पासून व्यापारी खाणकामासाठीही, म्हणजे कोळसा बाजारात विकण्यासाठीही, लिलाव सुरू झाले, आणि या लिलावांतून मिळणारा वाढीव पैसा राज्यांच्या तिजोरीत जातो. लिलावाला माझा विरोध नाही. वशिल्याने खाणी वाटण्यापेक्षा तो शतपटीने चांगला आहे. परंतु जुन्या खाणी संपून त्यांच्या जागी लिलावातील खाणी जितक्या येतील, तितका टनामागे गावाच्या नावाने जमा होणारा पैसा एक तृतीयांशावर येईल. नव्या खाणीचा खड्डा जुन्या खाणीपेक्षा उथळ नसतो आणि तिच्या स्फोटांनी भिंती कमी हादरत नाहीत. मग गावाचा वाटा कमी होण्याचे कारण काय? राज्याच्या नव्या कराची बाजू इतक्या हिरिरीने मांडताना हा प्रश्न आपल्याला का पडला नाही, हे मला समजत नाही.

या निधीकडे वरच्या स्तरावर कसे पाहिले जाते, याचा अनुभव आपण मार्च २०२० मध्ये घेतला आहे. करोनाच्या संकटात प्रतिष्ठानांतील शिल्लक निधीपैकी ३० टक्क्यांपर्यंत रक्कम साथीवरील उपायांसाठी वापरण्यास केंद्राने परवानगी दिली. संकट मोठे होते आणि दवाखान्यांना पैसा हवा होता, हे मी मान्य करते. पण त्या निर्णयात बाधित गावांना कोणी विचारले नाही. पुढे जुलै २०२१ मध्ये, या निधीतील खर्चाला राज्य स्तरावरून मंजुरी देता येणार नाही, असा आदेश केंद्रालाच काढावा लागला. निधी जिल्ह्याचा असताना मंजुरीसाठी वर धाव घ्यावी लागत होती, हे त्यावरून उघड होते.

आणखी एका गोष्टीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. अर्जाचे पुढे काय झाले ते मोबाईलवर पाहा, असे भावाला सांगण्यात आले. गावात वीज गेली की थोड्याच वेळात टॉवरही बंद पडतो, आणि वीज असतानाही आमच्या घरात रेंज धड मिळत नाही. ओटीपी मिळवण्यासाठी भाऊ शेताच्या बांधापर्यंत चालत जातो आणि परत येऊन भरेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. ग्रामीण आणि दुर्गम भागात दूरसंचार सेवा पोहोचावी म्हणून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलाच्या ५ टक्के रक्कम २००२ सालापासून वेगळी काढली जाते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर हा सार्वत्रिक सेवा दायित्व निधी डिजिटल भारत निधी झाला. कोळसा जशी जनतेची मालमत्ता, तशाच हवेतील लहरीही. २ फेब्रुवारी २०१२ रोजी टू-जी प्रकरणात दूरसंचार कंपन्यांचे १२२ परवाने रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. दोन्ही ठिकाणी पैसा आमच्यासारख्या गावांच्या नावाने गोळा होतो, आणि दोन्ही ठिकाणी त्या पैशाचे काय झाले हे विचारायला गावाला जागा नाही.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. लोहखनिजाच्या प्रकरणात २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम एका कायम निधीत ठेवण्यास सांगितले, कारण एकदा काढलेले खनिज पुन्हा भरून येत नाही आणि त्याच्यावर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे. कोळशालाही हाच न्याय लागू व्हायला हवा. खदान बंद होईल तेव्हा माझ्या भावाच्या नातवंडांच्या वाट्याला मातीचे ढिगारे आणि पाण्याने भरलेला खड्डा येणार आहे, त्यांच्यासाठी आज काही बाजूला काढले जाते आहे का?

महाराष्ट्राने कर जरूर लावावा. मात्र तो लावण्यापूर्वी लिलावातील खाणींसाठीही प्रतिष्ठानातील वाटा ३० टक्के करण्याची मागणी राज्याने केंद्राकडे केली पाहिजे. बाधित व्यक्तींची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली पाहिजे आणि प्रत्येक कामाचा खर्च, देखभालीच्या तरतुदीसह, वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही, शासनाच्या मनात असेल तर हे येत्या ग्रामसभेपासूनही करता येईल.

आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर खाणपट्ट्यातील प्रत्येक तालुक्यात आहेत. या निधीतून बसवलेल्या पाण्याच्या यंत्रांपैकी आज चालू किती आणि बंद किती, एवढे जरी त्यांनी गावोगाव जाऊन पाहिले आणि आपण ते तालुकावार छापले, तर कालच्या अग्रलेखात राहून गेलेला भाग भरून निघेल. संबंधित कार्यालयांनी आकडे दिले तर ते छापावेत, आणि दिले नाहीत तर मागूनही मिळाले नाहीत, हेही छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, नागपूर