स्टॅटिक आयपीशिवाय (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याशिवाय) घरचा संगणक बाहेरून चालेल, असे सांगून दिलेल्या फायबर जोडणीविषयी तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
फायबर इंटरनेट विभाग

विषय: डीडीएनएस (पत्ता बदलला तरी जोडणी एकाच नावाने सापडण्याची सोय) व रिमोट ॲक्सेस (बाहेरून संगणक वापरणे) चालत नसल्याबाबत, तसेच न सुटलेली तक्रार ‘सुटली’ म्हणून बंद केल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी साताऱ्यात कर सल्लागार म्हणून काम करतो. घराच्या तळमजल्यावर ऑफिस आहे. तिथल्या संगणकावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे आणि अशिलांचे सगळे हिशेबही त्यावरच आहेत. महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात. या तारखांच्या आगेमागे मी कराडला गुळाच्या अडत्याच्या पेढीवर, नाहीतर वाईला, फलटणला कुणाच्या तरी दुकानात बसलेला असतो, आणि पाहायचा आकडा साताऱ्यातल्या संगणकात असतो. आपली वार्षिक योजना मी घेतली ती एवढ्यासाठीच. वेग मला जुन्या जोडणीतही पुरत होता.

ही गरज मी पैसे भरण्याआधी आपल्या प्रतिनिधीला सांगितली होती. त्यांचे व्हॉट्सॲपवरचे उत्तर जसेच्या तसे देतो: “सर स्टॅटिक आयपीची गरज नाही, आपल्या राउटरमध्ये डीडीएनएस फ्री आहे, कुठूनपण ॲक्सेस होईल.” त्यावर विसंबून मी वर्षाचे पैसे एकरकमी भरले.

डीडीएनएसचे पान राउटरमध्ये आहे, हे खरे. वीज जाऊन आली की जोडणीचा पत्ता बदलतो. म्हणून एक नाव घ्यायचे आणि पत्ता बदलला की राउटरने तो त्या नावाखाली नोंदवायचा, एवढेच त्याचे काम. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने सुट्टीत येऊन सगळे बसवून दिले. नाव घेतले, त्या नावाचे टोकन (गुप्त संकेत) टाकले, खाली हिरव्या अक्षरांत ‘सक्सेस’ आले. एका जुन्या लहान संगणकावर त्याने वायरगार्ड व्हीपीएन (बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याची कुलूपबंद वाट) चढवले आणि राउटरमधून ५१८२० हा एकच यूडीपी पोर्ट (म्हणजे आत येण्याचे क्रमांकाचे दार) तिकडे वळवला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे नेटके आहे, कारण किल्ली नसलेल्या कुणी त्या पोर्टवर कितीही टकटक केली तरी वायरगार्ड उत्तरच देत नाही. घरातल्या वायफायवर सगळे चालले. मोबाईलचा डेटा सुरू करून बाहेरून प्रयत्न केला, तर काहीही नाही.

माझ्या कामात दोन आकड्यांचा ताळा बसला नाही की आधी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायचे, ही सवय. राउटरच्या वॅन पानावर (बाहेरच्या जोडणीची माहिती दाखवणाऱ्या) माझा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो. त्याच संगणकावर ‘माझा आयपी कोणता’ हे दाखवणारे संकेतस्थळ उघडले, तर तिथे १०३ ने सुरू होणारा पत्ता. आणि डीडीएनएसच्या नावाखाली नोंदला गेलेला पत्ता कोणता? १००.७२ वाला. त्या हिरव्या ‘सक्सेस’चा अर्थ एवढाच, की जगाला ज्याचा काही उपयोग नाही असा पत्ता व्यवस्थित नोंदवला गेला.

१००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. त्यातले पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. कंपनी अनेक ग्राहकांना आत असे पत्ते देते आणि बाहेर सगळ्यांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरते. आपण याला सीजीनॅट म्हणता. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून दारात एकच पत्रपेटी असावी आणि पाकिटावर बिऱ्हाडाचा उल्लेख चालू नये, तशी ही व्यवस्था. मी आतून काही मागवले तर उत्तर मला बरोबर पोचते, कारण मागणी कुणाची होती याची नोंद आपल्या यंत्रात असते. बाहेरून कुणी आपण होऊन आला, तर तो कुणाकडे आलाय हे त्या यंत्राला कळायला मार्ग नाही, आणि ते त्याला टाकून देते. माझ्या राउटरमध्ये मी पोर्ट फॉरवर्डिंगचे (पोर्ट आत वळवण्याचे) कितीही नियम लिहिले तरी तो माणूस माझ्या राउटरपर्यंत येतच नाही.

हे मला आपल्या कुणी सांगितले नाही. आपल्या कॉल सेंटरने मला राउटर रिसेट करायला लावला, मग फर्मवेअर बघायला लावले, मग पोर्ट बदलायला. एका तंत्रज्ञाने डीडीएनएसची सेटिंग बदलून नावाखाली १०३ वाला पत्ता आणून दाखवला आणि “आता होईल सर” म्हणून फोन ठेवला. नाव बरोबर पत्त्याकडे गेले, पण तो पत्ता माझ्या एकट्याचा नाही, त्यामुळे फरक काही पडला नाही. वॅनचा पत्ता वर सांगितलेल्या पट्ट्यातला आहे का, एवढा एक प्रश्न पहिल्याच फोनला विचारला असता तर विषय तिथेच संपला असता. उत्तर तर आपल्याच सर्व्हरवर लिहिलेले आहे.

यापेक्षा गंभीर बाब अशी. आपल्या एका एक्झिक्युटिव्हने मला राउटरची फायरवॉल (बाहेरून येणारे अडवणारी भिंत) बंद करून ऑफिसचा संगणक डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारे सगळे ज्याच्याकडे जाते अशा जागी) टाकायला आणि विंडोज रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडायला सांगितले. मी ते केले नाही. ज्या संगणकावर लोकांचे पॅन, बँकेचे उतारे आणि जीएसटीचे पासवर्ड आहेत, तो तसा जगासमोर उघडा टाकणे म्हणजे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) सोडणाऱ्यांना बोलावणे पाठवण्यासारखे. कुणा ग्राहकाने हा सल्ला ऐकला असेल, तर त्याला आजवर आपल्या सीजीनॅटनेच वाचवले आहे. पुढे त्याने पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला की तेच दार त्याला न कळत सताड उघडे होईल. हा सल्ला आपल्या सूचनांच्या यादीत असेल तर आजच्या आज काढून टाका.

आणखी एकाने सुचवले, की डेस्कटॉप शेअरिंगचे एखादे ॲप वापरा. ते चालते, सध्या अडचणीला मी तेच वापरतो. ती ॲप्स घरातून बाहेरच्या सर्व्हरला आपण होऊन जोडणी करतात, म्हणून सीजीनॅट त्यांना आडवे येत नाही. पण अशिलांच्या हिशेबाची वाट तिसऱ्याच कंपनीतून जावी हे मला नको होते, म्हणून तर आधी विचारून घेतले.

पत्ते अपुरे आहेत हे मी समजू शकतो. आयपीव्ही४ या जुन्या पत्ता-पद्धतीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याचा जवळपास सगळा त्याच वर्षी एप्रिलमध्ये. प्रत्येक घराला स्वतंत्र पत्ता देणे जमत नसेल तर त्याबद्दल माझा राग नाही. जे देता येत नाही ते फुकट देतो म्हणून विकले, याबद्दल आहे. आता स्टॅटिक आयपीसाठी वर्षाला २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५० रुपये भरायला सांगता. हा आकडा आधी सांगितला असता तर मी दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवून ठरवले असते, कदाचित आपल्यालाच भरलेही असते.

शिवाय, पत्त्यांची टंचाई हे कारण आपल्याच जोडणीवर पुरते लागू नाही. आपण मला आयपीव्ही६ ही नवी पत्ता-पद्धतही देता. त्यात पत्त्यांची चणचण नाही, वाटून घ्यायची भानगड नाही, माझ्या संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. माझ्या मोबाईलच्या सिमलाही आयपीव्ही६ आहे. म्हणजे कराडहून साताऱ्याची वाट सरळ आहे, एक पैसा न खर्चता. अडते कुठे, तर आपल्या राउटरमध्ये: आयपीव्ही६ ची फायरवॉल बाहेरून येणारे सगळे अडवते आणि त्यात एक पोर्ट मोकळा करण्याचे पान ॲडमिन लॉगिनमागे कुलूपबंद आहे. राउटरच्या तळाशी स्टिकरवर जो पासवर्ड दिला आहे त्याने ते पान दिसत नाही. ॲडमिन पासवर्ड मागितला तर “पॉलिसी नाही सर.” मात्र मध्यंतरी आपल्या तंत्रज्ञाने ऑफिसात बसून, मला न विचारता, माझ्या वायफायचा पासवर्ड बदलला होता. माझ्या राउटरचा रिमोट ॲक्सेस आपल्याला आहे, मलाच नाही.

या सगळ्यावर मला एसएमएस आला, की तक्रार सोडवली असून ग्राहक समाधानी आहे. मला समाधानी आहात का हे कुणी विचारलेले नाही. त्या तक्रारीचा डॉकेट (नोंद) क्रमांक सोबतच्या ईमेलमध्ये आहे. तक्रार पुन्हा उघडावी आणि बंद कुणी व कशाच्या आधारावर केली ते कळवावे.

माझी मागणी अवघड नाही. आयपीव्ही६ च्या फायरवॉलमध्ये माझ्या एका यूडीपी पोर्टपुरती वाट मोकळी करून द्यावी, किंवा ते पान मला उघडून द्यावे. हे जमत नसेल तर योजनेची मुदत संपेपर्यंत सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता वेगळे शुल्क न घेता द्यावा. तो बदलता असला तरी चालेल, स्टॅटिक नको, बदलत्या पत्त्यासाठीच तर डीडीएनएस आहे. दोन्ही नाकारणार असाल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे आणि जोडणीचे शुल्क कोणतीही कपात न करता परत करावे आणि आपले राउटर घेऊन जावे. याखेरीज, योजनेच्या माहितीपत्रकात ‘ही जोडणी सीजीनॅटवर आहे, बाहेरून थेट प्रवेश मिळणार नाही’ अशी ओळ छापावी. दुकानाचे कॅमेरे बाहेरून बघणारे, घरी म्हातारे आईवडील म्हणून घरचा कॅमेरा बघणारे पुष्कळ जण माझ्यासारखीच चौकशी करून जोडणी घेतात.

दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, २०१२ नुसार आपल्याकडे अपिलीय प्राधिकरण आहे. या पत्राला समाधानकारक उत्तर न आल्यास मी तिथे अपील करीन. विक्रीच्या वेळी दिलेल्या चुकीच्या माहितीचा प्रश्न मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली वेगळा राहील, तो या अपिलात मिटणार नाही.

व्हॉट्सॲपवरील संभाषण, राउटरच्या वॅन आणि डीडीएनएस पानांचे फोटो व बिलाची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर ईमेलवर लेखी द्यावे, फोनवर नको. आणि पुन्हा राउटर रिसेट करायला कृपया सांगू नये.

कळावे,

आपला ग्राहक,
कर सल्लागार, सातारा