फादर, तुम्ही त्याच्या आईचंही नाव लिहिलंत

प्रिय फादर,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर, उपासना आटोपल्यावर कळलं. समोर येऊन आभार मानायला लागलो तर तुम्ही विषय बदलणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्या धर्मग्रामातल्या, आपल्या चर्चच्या बाकीच्यांनीही वाचावं. काहींनी तर जरूर वाचावं.

माझा मित्र गेल्या पावसाळ्यात गेला. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही चर्चगेटहून एकाच गाडीने आलो होतो. वसईला उतरताना म्हणाला, "उद्या डबा आणू नकोस, आई आठळ्यांची भाजी करणार आहे." एवढंच. आजारपण नाही, निरोप नाही.

मित्र गेला की माणसाला कुठे उभं राहायचं ते कळत नाही. भाऊ गेला तर लोक भेटायला येतात, साहेब स्वतःहून रजा देतात. मित्रासाठी यातलं काही नसतं. मी त्याला खांदा दिला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीने कामावर गेलो. "मित्रच होता ना," असं एकजण म्हणालेही.

पण त्याहून लागलं ते आपल्याच माणसांचं बोलणं. आमच्या घरी जपमाळेला आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन ऐकवलं, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. वर म्हणाले, शोक करू नकोस, बायबलात प्रेषित पौलाने तसं सांगितलंय. फादर, पौलाने थेस्सलनीकेच्या लोकांना असं सांगितलेलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं त्याने लिहिलंय. अर्धं वाक्य कापून ते रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर मारायचं, ही कसली भक्ती?

त्या रात्रीपासून मला झोप लागेना. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलं सगळं डोक्यात फिरायला लागलं. स्वर्ग, नरक, शुद्धिस्थान, शेवटचा न्याय. आपलं माणूस गेलं की आपल्याला काय करायचं ते माहीत असतं. सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, मग वर्षाची. दरवर्षी मृतांच्या स्मरणाचा नोव्हेंबर येतोच. रडायलासुद्धा एक वाट असते. त्याच्यासाठी मी काय करायचं होतं? त्याच्या घरच्यांनी त्यांचे विधी मनापासून केले, मी तेरा दिवस जात राहिलो. पण मला माझ्या देवापाशी त्याचं नाव घ्यायचं होतं, आणि ते चालतं की नाही हेच मला कळत नव्हतं.

ऑक्टोबरअखेर मृतांच्या यादीसाठी नाव द्यायला आलो, तेव्हा टेबलापाशी बसलेल्यांनी नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "यात आपल्याच माणसांची नावं असतात," म्हणाले. रागाने नव्हे, सहज म्हणाले. मी वळलोच होतो.

तुम्ही तेवढ्यात व्हरांड्यातून आत आलात. कुणाचं नाव, विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत, त्यांना नाही, मलाही नाही. वही ओढून घेतलीत, खुर्चीवर बसलात आणि आधी मला विचारलंत, "त्याच्या घरी चालेल ना?" मी तिथूनच त्याच्या आईला फोन लावला. त्या म्हणाल्या, "घ्या की नाव. देवाच्या दारात कुणी नाव घेतलं तर चांगलंच." मग तुम्ही लिहायला घेतलंत. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण, निळ्या शाईत, सावकाश. आणि लिहून झाल्यावर विचारलंत, "आईचं नाव काय?"

मी म्हणालो, फादर, त्या आहेत अजून.

"म्हणूनच विचारतोय," म्हणालात, आणि त्याच्या नावाखाली एक ओळ सोडून तुम्ही त्यांचं नाव लिहिलंत.

मला तिथेच रडू फुटलं. तोवर मला भेटलेल्या आपल्या माणसांपैकी प्रत्येकाला तो कुठे गेला असेल याची चौकशी करायची होती. त्याच्या मागे, जुन्या चाळीत, सत्तरी उलटलेली एक बाई एकटी उरली आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही तिला पाहिलं नव्हतंत, पुढेही कधी गाठ पडेल असं नव्हतं. तरी रोज प्रार्थनेत तिचं नाव घेता यावं म्हणून तुम्ही ते लिहून ठेवलंत.

नंतर तुम्ही मला थोडंथोडं करून बरंच समजावलंत. मिस्सा कुणासाठीही अर्पण करता येते, जिवंत असो वा मृत, हे चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतच, नियमांच्या ग्रंथातच लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी कुठला नियम वाकवला नव्हता. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच सांगून ठेवलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. साठ वर्षं झाली की! आणि मिस्सेतल्या चौथ्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांची आठवण केली जाते. ती प्रार्थना मी लहानपणापासून ऐकत आलोय, तिच्यात माझ्या मित्राला जागा आहे हे तुम्ही दाखवेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर तुम्ही बोट ठेवलंत ते तर मी विसरणारच नाही. न्यायाच्या दिवशी राजा ज्यांना जवळ बोलावतो, त्यांना ठाऊकच नसतं की आपण त्याची सेवा केली. प्रभू, आम्ही तुला कधी आजारी पाहिलं, असं ते विचारतात. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा हा माझा मित्र दिवसभर नोकरी करून रात्री त्यांच्या उशाशी बसायचा. मला म्हणायचा, "तू घरी जा, पाठ टेक जरा." त्यांची लघवीची पिशवी तो रिकामी करायचा, घोटाघोटाने पाणी पाजायचा. दर नाताळला मध्यरात्रीच्या मिस्सेला माझ्याबरोबर मागच्या बाकावर बसायचा, गाणी त्याला फार आवडायची. कुठल्या तोंडाने मी त्याला बाहेरचा म्हणू?

त्याला अग्नी दिला, मग देहाच्या पुनरुत्थानाचं काय, असंही मी तुम्हाला विचारलं. तुम्ही हसला नाहीत. चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे, म्हणालात, आणि ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेची काय अडचण? मला आत्म्याच्या गोष्टी फारशा कळत नाहीत. पण मला तो हवा आहे, त्याच्या जाड भिंगांच्या चष्म्यासकट, गाडीत चढताना पाठीत धपाटा घालणाऱ्या त्या हातासकट. आपला धर्म नुसत्या आत्म्याबद्दल बोलत नाही, देहाबद्दल बोलतो, याचा एवढा आधार मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

२ नोव्हेंबरला कबरी झेंडूने भरल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या. लोपीस, परेरा, डाबरे अशी नावं येत गेली आणि मधेच त्याचं आलं. दोनचार माना वळल्या. तुम्ही थांबला नाहीत, खुलासा केला नाहीत, त्याच आवाजात पुढचं नाव घेतलंत. त्या वडीलधाऱ्यांनीही ऐकलं. ते काही बोलले नाहीत, आणि मला त्यांच्याकडून आता काही ऐकायचंही नाही.

दुःख गेलेलं नाही. गाडीत त्याच्या जागी कुणी बसलं की अजून पोटात कालवतं. पण रात्री मी भीत नाही, मी प्रार्थना करतो, आणि हे तुमच्यामुळे झालं. वचनं पाठ असणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. समोरच्या माणसाची आई जिवंत आहे का, हे विचारणारी फार थोडी. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्यांची श्रद्धा टिकते.

आता एक काम. त्याच्या आईला तुम्हाला भेटायचंय. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरता येत नाही, म्हणून तुम्हालाच यावं लागेल. नव्या धर्मग्रामात जाण्याआधी एखादी संध्याकाळ काढा. शनिवार असेल तर बरं, मी लवकर सुटतो, स्कूटर घेऊन तुम्हाला न्यायला येईन.

तुमचा,
मागच्या बाकावरचा एकजण