तात्यांचं जहाज कोणतं होतं?

पोर्ट्समथ, इंग्लंड
ऑक्टोबर

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तात्या आजोबांचा विषय निघाला आणि अर्धवटच राहिला, म्हणून लिहायला बसले. फळछाटणीची धांदल असेल, तरी हे पत्र सवडीने वाचा आणि विट्याच्या आत्यालाही वाचून दाखवा. एक गोष्ट मात्र आजच सगळ्यांना सांगा. दिवाळीच्या आवराआवरीत तात्यांच्या ट्रंकेतला एकही कागद कुणी टाकू नका.

गावात सगळे म्हणतात, तुमचे तात्या पलटणीत होते. आपल्याकडे घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे तात्यांनाही लोकांनी त्यातच धरलं. पण सोप्यातल्या त्या फोटोत त्यांच्या अंगावर खलाशाचा पोशाख आहे आणि टोपीच्या फितीवर इंग्रजीत 'एच. एम. आय. एस.', म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', एवढंच लिहिलेलं आहे. पुढे जहाजाचं नाव नाही. ते का नसावं, याचा उलगडा मला इथे झाला. दुसरं महायुद्ध चालू असताना कोणतं जहाज कोणत्या बंदरात आहे हे शत्रूला कळू नये, म्हणून फितीवरून नाव काढून टाकत. त्यामुळे फोटोवरून तात्या रॉयल इंडियन नेव्हीत, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या आपल्या नौदलात, होते एवढं नक्की होतं, त्यापुढे काही नाही.

आणि खलाशी शोधायचा तर जहाजाचं नाव लागतंच. अधिकाऱ्यांची नावं छापील नेव्ही लिस्टमध्ये मिळतात, साध्या खलाशांची तिथे नसतात. इंग्रजांच्या नौदलात १८५३ पर्यंत साध्या खलाशाची भरती एका जहाजापुरती असे. ते जहाज परतून मोकळं झालं की माणूसही मोकळा. त्याचं नाव राही फक्त त्या जहाजाच्या हजेरीबुकात. पुढे कायम नोकरी आणि प्रत्येकाला नंबर आला, मग माणसागणिक नोंदवह्या तयार झाल्या. माझ्या शेजारच्या आजींचे आजोबा असेच बॉयलरवर कोळसा टाकणारे होते. त्यांचं पान लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात निघालं. जन्मतारीख, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, दंडावरचं गोंदण, वर्तणुकीचा शेरा आणि ओळीने सगळी जहाजं. आजी ते पान बोटाने वाचत होत्या आणि मला आपल्या घराची आठवण येत होती. तात्यांनीही समुद्रावर जिवाची तीच जोखीम घेतली, आणि आपल्याला त्यांचं जहाजसुद्धा माहीत नाही. याची मला फार चुटपुट लागून राहिली आहे.

क्यूच्या त्या वह्यांत तात्या मिळणार नाहीत, कारण आपलं नौदल वेगळं होतं. १९३४ मध्ये त्याला रॉयल इंडियन नेव्ही हे नाव मिळालं. १९३९ मध्ये त्यात दोन हजारांच्या आतबाहेर माणसं होती, युद्ध संपेपर्यंत ती २०,००० च्या वर गेली. आधी भरती बरीचशी रत्नागिरीकडून होई, युद्धात ती देशावरच्या गावांपर्यंत पोचली. तात्या त्याच लाटेत गेले असणार. इकडे इंग्रजांविरुद्ध तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, प्रतिसरकार उभं राहिलं, त्याच काळात ते समुद्रावर होते. घरात त्यांच्या नोकरीबद्दल कुणी बोलायचं नाही, त्याचं कारण मला यातच दिसतं. आप्पा, तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

आता आत्याला एकच विचारा : तात्या जहाजावर काय काम करत? पोरवयात भरती झाले असतील तर कराचीला 'बहादूर' किंवा 'दिलावर'वर शिकले असतील; नावं जहाजांसारखी असली तरी ही जमिनीवरची प्रशिक्षण केंद्रं. तारायंत्र, बिनतारी असलं काही बोलत असतील तर मुंबईची 'तलवार'. इंजिनाकडे असतील तर युद्धाच्या शेवटी सुरू झालेलं लोणावळ्याचं 'शिवाजी'. आजी सांगायची की तात्या ४६ सालच्या पेरण्यांच्या आधी घरी आले. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला 'तलवार'वरच्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ याविरुद्ध संप केला, आणि तो मुंबई-कराचीच्या जहाजांवर पसरला. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचा लाल असे तिन्ही झेंडे लागले. वल्लभभाईंच्या सांगण्यावरून २३ तारखेला तो मागे घेतला, आणि नंतर शेकडो खलाशांना काढून टाकलं. तात्या त्यांत होते, की युद्ध संपल्यावर रीतसर सुटून आले? सुटकेच्या कागदावर कारण लिहिलेलं असतं. काढून टाकलेलं असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट मला ते नातवंडांना सांगायचं आहे.

कागद मिळाला आणि त्यावर जिल्हा सातारा दिसला, तर तो दुसऱ्या कुणाचा म्हणून बाजूला ठेवू नका. १९४९ पर्यंत आपलं तासगाव सातारा जिल्ह्यातच होतं. मग दक्षिण सातारा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. शिवाय साहेबाच्या कारकुनाने कानावर पडेल तसं नाव लिहिलेलं असतं. आडनाव गळून नुसतं तात्यांचं आणि पणजोबांचं नाव असेल, तरी तो कागद आपलाच समजा.

आजीच्या देवघरातल्या डब्यात पदकं असतील. हिंदी माणसांना मिळालेल्या पदकांवर त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं असे. गोल पदकाच्या काठावर आणि ताऱ्याच्या पाठीमागे बघा. बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेशच्या आघाडीचा तारा, निघाला तर आपला शोध बंगालच्या उपसागराकडे वळेल. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर 'नर्बदा' आणि 'जमुना' ही आपली जहाजं लढत होती. नंबर हाती आला की सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, नानांना सोबत न्या, त्यांची तिथे ओळख आहे.

आईच्या गुडघ्याचं कळवा. धाकट्याला म्हणावं, पदकांचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून आजच पाठव. आणि चिंच किंवा राखेने ती घासू नका, अक्षरं झिजतात.

तुमची,
ताई