टोपी काढून फोटो पाठवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत केसगळतीवर पानभर मजकूर होता, तरुण वयात टक्कल पडणाऱ्या मुलांचा आत्मविश्वास कसा जातो, लग्नं कशी अडतात वगैरे, आणि त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात हेअर ट्रान्सप्लांटची जाहिरात, आधीचा फोटो नंतरचा फोटो. लग्नं अडतात असं लिहिणाऱ्याने लग्नं जुळवणाऱ्या एखाद्या माणसाला फोन तरी करायचा होता हो. मी डोंबिवलीत बरीच वर्षं वधूवर सूचक मंडळाचं काम बघते, मुलींचे नकार आधी माझ्याच कानावर येतात, मग ते गोड करून मुलाच्या घरी कळवायचं कामही माझंच, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी धरून चालते. पत्र लांबलं तर शेवट कापा, मधलं कापू नका.

आधी खरं ते सांगते. टकलामुळे नकार येतो, येत नाही असं म्हटलं तर माझ्या मंडळातल्या बायका हसतील. काही मुली फोटो बघूनच 'काकू नको' म्हणतात आणि विषय संपतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ज्याची त्याची आवड. पण यापेक्षा कितीतरी जास्त नकार टक्कल लपवल्यामुळे येतात आणि हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. बायोडाटासोबत फोटो काय येतात बघा. एक महाबळेश्वरचा, लोकरीच्या टोपीतला. एक गोव्याचा, हॅट आणि गॉगल. एक बाइकवर हेल्मेट घालून, हेल्मेट! आणि एक हमखास कुणाच्या तरी लग्नातला, फेट्यातला. फेटा सगळ्यांनाच शोभतो त्यामुळे त्या फोटोवरून काहीच कळत नाही. मुली काही दुधखुळ्या नाहीत, परवाच एक ठाण्याची मुलगी मोबाईलवर फोटो सरकवत मला म्हणाली काकू ह्याचं डोकं कुठंय? आणि उरलेला एखादा उघड्या डोक्याचा फोटो असला तर तो कॉलेजातला, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा. मग प्रत्यक्ष भेटीत मुलगा पंख्याखालची खुर्ची सोडून कोपऱ्यातली पकडतो, कारण एका कानावरचे केस दुसऱ्या कानापर्यंत ओढून आणलेले असतात आणि वाऱ्याने ते उभे राहतात. तासभर त्याचं निम्मं लक्ष डोक्यावर. मुलगी घरी जाऊन सांगते की तो मोकळा वाटला नाही, माझ्याशी बोलत होता पण लक्ष नव्हतं. आणि मुलाच्या घरी समज काय होतो, टकलामुळे नाही म्हणाली.

उलट जे मुलगे सरळ झिरो मशीन मारून, नाहीतर आमच्या माहेरी सातारकडे म्हणतात तसं चकोट करून फोटो पाठवतात, त्यांच्याबद्दल मुली काय बोलतात तेही सांगते, कारण ते कुठल्याच पुरवणीत येत नाही. केस गेले की नजर कपाळावर अडत नाही, सगळा चेहरा एकदम दिसतो. डोळे, भुवया, कान सगळं पुढे येतं. आमच्या ऑफिसात आम्ही तिघी-चौघी बसतो त्यात 'अगं कान बघ किती छान आहेत' हे वाक्य मी फक्त टकल्या मुलांच्या फोटोवरच ऐकलंय, केसवाल्याच्या कानांकडे कोण बघतंय. नीट कापलेली दाढी असली तर अजूनच उठून दिसतं. आणि हसताना कपाळावरची कातडी पार टाळूपर्यंत हलते, विचार करताना हात आपोआप डोक्यावरून मागे फिरतो, ह्या बारीक गोष्टी बायकांच्या बरोब्बर लक्षात राहतात, पुरुषांना वाटतं आपल्याकडे केस सोडून बघण्यासारखं काही नाहीच. लग्न झालेल्या बायकांना विचारलंत तर त्या आणखी वेगळं सांगतील, उशीच्या अभ्र्याला तेल नाही, बाथरूमच्या जाळीत केस नाहीत, तयार व्हायला दोन मिनिटं. आकर्षण म्हणजे नुसता पहिला फोटो नसतो ना.

ह्यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेत व्हार्टन बिझनेस स्कूलच्या अल्बर्ट मॅनेस यांनी 2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात एकाच माणसाचा फोटो, एकदा केसांसकट आणि एकदा कॉम्प्युटरवर केस काढून, लोकांना दाखवला. गोटा केलेला तोच माणूस बघणाऱ्यांना जवळजवळ एक इंच उंच आणि 13 टक्के जास्त ताकदवान वाटला, दरारा असलेला वाटला. आता सगळं माझ्या बाजूचंच आहे असं नाही, तो वयाने मोठाही वाटला आणि दिसण्यात मार्क थोडे कमीच पडले. पण माझ्या कामाचा भाग पुढेच आहे, सगळ्यात वाईट अवस्था विरळ केसवाल्यांची निघाली, धड केस नाहीत धड टक्कल नाही. म्हणजे ज्या अवस्थेला आमचे मुलगे वर्षानुवर्षं तेलं, शाम्पू, कंगवे लावून जीव तोडून धरून ठेवतात तीच नेमकी नडते.

टेनिसवाल्या आंद्रे अगासीचं उदाहरण मी हल्ली प्रत्येक मुलाच्या आईला सांगते. तरुणपणी त्याचे ते सोनेरी लांब केस जगभर गाजले होते, मुली वेड्या झाल्या होत्या, आणि नंतर आत्मचरित्रात त्याने स्वतःच सांगून टाकलं की तो विग होता. 1990 ची फ्रेंच ओपन फायनल, आदल्या रात्री अंघोळ करताना विगच सुटायला लागला, मग भावाला हाताशी धरून पिना लावून कसाबसा बसवला आणि पठ्ठ्या मॅचच्या आधी देवाला काय मागतोय तर जिंकू दे असं नाही, विग पडू देऊ नको. समोर आंद्रेस गोमेझ होता, हरला. चार वर्षांनी शेवटी डोकं भादरलं आणि लगेच 1995 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, पीट सॅम्प्रसला हरवून, आणि 1999 मध्ये तीच फ्रेंच ओपनसुद्धा. आता कोणी म्हणेल केस काढल्याने बॅकहँड सुधारतो का, नाही सुधारत, पण पळताना डोक्यावर काय चाललंय हा विचार तरी बंद होतो. माझ्या पंख्याखाली न बसणाऱ्या मुलांचं तेच आहे.

आपल्याकडे अडचण अर्धी सिनेमाने करून ठेवलीये. माझ्या लहानपणी हिंदी सिनेमात टक्कल दिसलं की समजायचं हा मार खाणार नाहीतर मारणार, तो फाइटवाला शेट्टी, नंतर 1980 मध्ये 'शान'मधला कुलभूषण खरबंदाचा शाकाल. अमरीश पुरींनी तर स्पीलबर्गच्या सिनेमासाठी डोकं भादरलं आणि ते तसंच ठेवलं, आणि त्या डोक्याचा, त्या डोळ्यांचा आणि त्या आवाजाचा जो काही परिणाम होता तो आठवा, घाबरत होतो पण नजर हलत नव्हती. आकर्षण हेच की वेगळं काय असतं. आणि रजनीकांत. बंगळुरूतल्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, कंडक्टर होता, आपल्याकडे लोकांना ह्याचा केवढा अभिमान. पडद्यावर विग लावतो, पण बाहेर कार्यक्रमाला येतो तो टकलावर, पांढरी दाढी, साधा पांढरा शर्ट, पांढरी लुंगी, ना डाय ना मेकअप. ज्याच्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी कटआउटला दुधाची अंघोळ घालतात त्याला लोकांपुढे टक्कल मिरवायची लाज नाही आणि आमच्या तीस वर्षांच्या इंजिनियरला बायोडाटात हेल्मेट लागतं.

दुसरी अर्धी अडचण घरातली आहे आणि ती मुलांचीही चूक नाही. एका मुलाला मी म्हटलं अरे सरळ गोटा कर, छान दिसशील, तुझ्या डोक्याचा आकार चांगला आहे. त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन, आम्ही दोघं धडधाकट असताना तुम्ही त्याला हे काय करायला सांगितलंत? बरोबर आहे त्यांचं, आपल्याकडे वडील गेले की मुलगा डोकं भादरतो, त्यामुळे बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तीन जणांनी त्या मुलाला हळूच विचारलं होतं, कोण गेलं? पाश्चात्त्य देशातल्या टकल्या हिरोंना ही भानगडच नाही. मी त्या माऊलींना सांगितलं की वस्तरा नको, मशीनने बारीक ठेवायला सांगा आणि दाढी राखू दे, दाढी असली की सुतकातला वाटत नाही. हा तोडगा आता मी सगळ्यांना सांगते, फुकटात. लिफ्टमधले प्रश्न थांबतात.

तुमच्या लेखात अजून एक वाक्य होतं की टक्कल म्हणजे पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण. टकल्या पुरुषांना खूश करायला हे बरं आहे पण असं नसतं म्हणे, माझा भाचा स्किनचा डॉक्टर आहे त्याने समजावून सांगितलं. हार्मोन लागतो हे खरं, 1942 मध्येच हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवलं होतं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना असं टक्कल पडत नाही. पण टकल्यात तो हार्मोन इतरांपेक्षा जास्त असतो असं नाही, मुळं त्याला जास्त दाद देतात एवढंच, आणि ते जन्मतःच ठरलेलं असतं. काही आईकडून येतं, काही वडिलांकडून, नुसत्या मामाला दोष देण्यात अर्थ नाही. तेव्हा टकला म्हणजे जास्त मर्द हेही सोडा आणि टकला म्हणजे पैसेवाला हेही सोडा. 'क्वचित् खल्वाट निर्धनः' हे आमचे आजोबा स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणायचे आणि महिनाअखेरीला आजीकडे पैसे मागायचे.

ट्रान्सप्लांट करूच नये असं मी म्हणत नाही, ज्याला करायचं त्याने चांगल्या डॉक्टरकडे जाऊन करावं. पण ती शस्त्रक्रिया आहे, पार्लरमधलं काम नाही. 2019 मध्ये मुंबईत एका 43 वर्षांच्या व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला होता, ती बातमी सगळ्याच पेपरात होती. आणि लावलेले केस टिकले तरी बाजूचे जुने केस गळायचे थांबत नाहीत, त्यासाठी गोळ्या नाहीतर मिनॉक्सिडिल नावाचं डोक्याला लावायचं औषध चालू ठेवावं लागतं, सोडलं की परत गळती. हे 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोखाली कुठं लिहिलेलं असतं? माझ्याकडे एका मुलाने लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून हे केलं, कर्ज वेगळं, आणि भेटीत मुलीला सांगितलं नाही. पुढे कळलंच. मोडलं. केसांवरून नाही मोडलं, हे सांगायला नकोच.

तर तुमच्याकडे मागणं दोन. एक, ज्या पानावर केसगळतीचा लेख त्याच पानावर केसांच्या क्लिनिकची जाहिरात छापू नका, आणि छापलीत तर 'जाहिरात' हा शब्द चष्मा न लावता वाचता येईल एवढा मोठा छापा. दुसरं, दिवाळीआधी तुमच्या पुरवणीत पुरुषांच्या कुर्त्यांचे फोटो येतात, त्यात सगळे मॉडेल भरघोस केसांचे. यंदा त्यात एक तुळतुळीत डोक्याचा उभा करा, फेटा न बांधता. मॉडेल मिळत नसेल तर मला कळवा, माझ्याकडे पाच-सहा जण आहेत, त्यातला एक तर पैसेही घेणार नाही, फक्त खाली त्याचं शिक्षण आणि 'वधू पाहिजे' एवढं छापा.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली पूर्व