खुर्चीवर बसून माझी गाडी दुरुस्त करणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

समोरासमोर आभार मानून पाहिले, दोनदा. पहिल्यांदा तुम्ही "चहा ठेव वं" म्हणून विषय उडवलात. दुसऱ्यांदा संत्रा बर्फीचा डबा न उघडताच परत आला, वर काकूंकरवी निरोप, "शुगर हाये मले, मारते का?" म्हणून आता चारचौघांत लिहितेय. काकू वाचून दाखवतीलच. मध्येच उठून नळ बंद करायला जाऊ नका.

गाडी पहिल्यांदा अडली ती सत्याग्रही घाटात. आईला अमरावतीहून नागपूरला घेऊन येत होते. सपाटीवर ठीक चाललेली गाडी चढ लागताच अशी काही मलूल झाली की तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही काटा चाळिसाच्या पुढे सरकेना. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. संत्र्यांनी भरलेला ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेला, आणि आई म्हणाली, "तुझ्या बाबांची ॲम्बेसेडर बरी होती."

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दहा मिनिटं बॉनेट उघडून पाहिलं आणि निकाल सांगितला. टर्बो गेला मॅडम, बेचाळीस हजार, लेबर वेगळं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा भरणारं चाक. मी हिशेबाच्या कामातली बाई. आकडा ऐकला की तो कुठल्या खात्यातून काढायचा हे डोक्यात आपोआप सुरू होतं. एफडी मोडायचं जवळजवळ ठरलंच होतं.

संध्याकाळी फाटकाशी तुम्ही रस्त्यावर पाणी मारत उभे होतात. मी नुसतं रडगाणं गायले होते, मदत मागितली नव्हती. तुम्ही पाईप खाली टाकलात आणि तीन प्रश्न विचारलेत. धूर काळा किंवा निळा येतो का? ऑईल कमी होतं का? करवतीसारखा किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का? तिन्हींचं उत्तर नाही. मग तुम्ही जे म्हणालात ते मी अजून घरी नक्कल करून दाखवते: "मंग टर्बो मेला हे तुले कोणं सांगतलं?"

तुमची सगळी नोकरी एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये गेली, हे मला माहीत होतं. पण शेजारच्या माणसाला आपण किती ओळखतो? माझ्या लेखी तुम्ही गणपतीची वर्गणी वेळेवर देणारे आणि क्रिकेटच्या बॉलवरून पोट्ट्यांशी भांडणारे काका. लालपरीची इंजिनं उघडण्यात आयुष्य घातलेला माणूस दोन फुटांच्या कंपाउंडपलीकडे राहतो आणि मी एफडी मोडायला निघालेली.

रविवारी सकाळी साडेसहाला प्लास्टिकची खुर्ची घेऊन तुम्ही आमच्या पोर्चमध्ये आलात. दोन्ही गुडघे बदललेले, वाकणं बंद, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं बाकी. तुम्ही सांगाल आणि हात कुणीतरी मेकॅनिक पोरगा चालवेल, अशी माझी समजूत. "पोरगा कायले? तुले हात नाईत का?"

खरं सांगते, मला वाटलं गंमत करताय.

आणि कामाला सुरुवात व्हायच्या आधीच मी तुमचा आवाज चढवलाच. गाडी जॅकवर उचलून खाली मी विटा रचल्या होत्या. तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात. वीट दाब सोसते पण धक्का बसला की भुगा होते, आणि नुसत्या जॅकखाली शिरणारे दोघं तुम्ही वर्कशॉपच्या बाहेर, गावाकडे गमावलेले. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून दोन लोखंडी घोड्या आणेपर्यंत तुम्ही मला पान्याला हात लावू दिला नाहीत. पाऊण तास गेला. तेव्हा चिडले होते.

पुढे जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण याच भागाने माझे पैसे वाचले आणि कुणाचे तरी वाचतीलही. माझ्या गाडीच्या टर्बोत पात्यांचं एक कडं आहे. ती पाती मिटली की धूर अरुंद वाटेने जोरात जातो आणि कमी आरपीएमलाही टर्बो हवा भरतो, उघडली की जोर कमी. ही उघडझाप करतो तो ॲक्चुएटर, टर्बोला चिकटलेली मुठीएवढी डबी. तिच्यात रबराचा पडदा, एका बाजूला स्प्रिंग, पडद्याला जोडलेला रॉड. इंजिनाचा पंप हवा ओढतो, मधला सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह, ती किती ओढायची ते ठरवतो, पडदा खेचला जातो, रॉड हलतो. हे सगळं तुम्ही मला ताटलीवर कढीची वाटी पालथी घालून समजावलंत.

मग शोध. "चालू कर आन् रॉड पाह्य." मी छोटा आरसा धरून पाहिलं, रॉड ढिम्म. "नळी काढ, बोट लाव." बोटाची कातडी नळीत ओढली गेली. म्हणजे पंप ठीक, सोलेनॉइड ठीक, नळीही फुटलेली नाही. नागपूरच्या ४५ अंशांत रबराची नळी सगळ्यात आधी तडकते, म्हणून ती तुम्ही मला टोकापासून टोकापर्यंत वाकवून पाहायला लावलीत. मग गाडी बंद, इंजिन थंड, आणि "आता हातानं रॉड ओढ." पूर्ण ओढला गेला, सोडल्यावर परत गेला. म्हणजे काजळीने पाती अडकलेली नाहीत. ती अडकली असती तर नवा ॲक्चुएटर बसवूनही काही झालं नसतं, हे तुम्ही बजावून सांगितलंत. शेवटी हवेचा पाईप काढून टर्बोचं चाक बोटाने फिरवलं. गुळगुळीत फिरलं, डुगडुग नाही, तेलाचा थेंब नाही. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी ती वस्तू अशी एका बोटाने फिरते, हे बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण तेव्हा तुम्ही पोह्यांवर तर्री कमी घातली म्हणून काकूंवर नाराज होतात.

राहिली ती डबी. तिच्यासाठी तुम्ही मला मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणायला सांगितलीत. नळीचा तुकडा लावून दट्ट्या ओढला, तो सरळ हातात आला. काही धरूनच ठेवत नव्हतं. "पडदा फाटला. बास. टर्बो जित्ता हाये."

बेचाळीस हजारांचा निकाल चाळीस रुपयांच्या सिरिंजने फिरवला, काका.

सामान आणायला नागपुरातल्याच घाट रोडला मी एकटीच गेले. दुकानदाराने आधी माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. पण तुम्ही टर्बोवरच्या नंबरच्या पट्टीचा फोटो काढून घेतला होता, तो नंबर दाखवल्यावर त्याने निमूट तीन पेट्या खाली काढल्या. दिसायला एकसारख्या तीन डब्यांपैकी माझ्या नंबरची एकच. साडेचार हजार. माझ्या गाडीला ही डबी सुटी मिळाली हे माझं नशीब. काही गाड्यांना ती टर्बोसकटच घ्यावी लागते, आणि विजेच्या मोटरवर चालणारी असेल तर बसवल्यावर स्कॅनरवरून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावरून, तिला तिची जागा शिकवावी लागते. अशा गाडीला तुम्ही मला हात लावू दिला नसता, हे तुम्हीच म्हणालात.

पुढचा रविवार. टर्बोची धग अडवणाऱ्या पत्र्याचे, हीट शील्डचे, दहा नंबरचे बोल्ट. तीन सुटले, चौथा गंजून बसलेला. तिथे धूर ७०० अंशांच्या घरात जातो, लोखंड भाजून एकजीव होतं. माझा हात पान्यावर जोर देतोय हे तुम्हाला बहुतेक माझ्या श्वासावरून कळलं. "सोड. तेल मार आन् चहा पे." अर्ध्या तासाने पुन्हा तेल, पुन्हा चहा. तिसऱ्या चहानंतर तो कुरकुरत फिरला.

जुनी डबी काढायच्या आधी मोजमाप. तुमचा व्हर्निअर, बारीक मोजमापाची ती सरकती पट्टी, काकूंच्या जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेला होता. मी रॉडची लांबी ७१.५ मिलिमीटर लिहिली. तुम्ही पुन्हा मोजायला लावलंत, ७०.९ निघाली. तिसऱ्यांदाही ७०.९, तेव्हा कुठे वहीत लिहू दिलंत. नव्या डबीचा रॉड कंपनीतून लागेल तेवढाच ठेवलेला नसतो, तो आपण जुळवायचा. आखूड राहिला तर पाती कायम मिटलेली आणि टर्बो गरजेपेक्षा जास्त हवा कोंबणार, लांब राहिला तर घाटात पुन्हा तेच रडणं. खूण करायला मी घरातून लाल नेलपॉलिश आणलं. तुम्ही ते हातात घेऊन वास घेतलात आणि म्हणालात, वर्कशॉपमध्ये यासाठी पिवळा रंग असायचा, हा बरा, लवकर वाळतो. टर्बोवर रंगाने बंद केलेला एक छोटा स्क्रू असतो. त्याला हात लावला तर घरी निघून जाईन, ही धमकीही तेव्हाचीच.

रॉडच्या टोकाचं ते ई आकाराचं लॉक! शर्टाच्या बटणापेक्षा लहान. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं आणि टिंग करून गेलं. मी दीड तास शोधलं असतं आणि नवीन आणलं असतं. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. "खाली नाई पडलं. जमिनीचा आवाज येगळा राह्यते." इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात, मातीच्या खोबणीत सापडलं. पुढचं लॉक बसवताना मात्र त्याला दोरा बांधून घेतला, ही युक्ती माझी. तेवढं श्रेय मला द्या.

आता तो प्रसंग लिहिते ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. डबी बसली, बोल्ट आवळले, सिरिंज लावली. दट्ट्या ओढला, रॉड वर गेला आणि तिथेच थांबला. घड्याळ लावून दोन मिनिटं धरला, हलला नाही. दुपारचे बारा वाजत आले होते, पोर्चवरचा पत्रा तापला होता, पाठीला घामाने फरशीची माती चिकटली होती. तुम्ही विचारलंत, "सोडल्यावर एका दमात खाली येते का अडकते?" मी म्हटलं, एका दमात.

मी खोटं बोलले होते, काका. शेवटी किंचित थांबत होता, केसभर. मला वाटलं चालतंय.

तुम्ही काही बोलला नाहीत. जरा वेळाने म्हणालात, "दोन आवाज आले मले. एक आला पाह्यजे."

बोल्ट पुन्हा ढिले केले. रॉड सरळ रेषेत यायच्या आधीच मी डबी धरणारी पट्टी आवळून टाकली होती, म्हणून तो पट्टीच्या काठाला घासत होता. आधी बोल्ट हाताने लावायचे, रॉड आपसूक जागेवर बसू द्यायचा, मग आवळायचे. पुन्हा सगळं केलं. सिरिंज सोडली. टक्. एकच. मी खालून तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही चष्मा पुसत होतात. तुम्ही मला रागावला नाहीत, खोटं पकडल्याचा एक शब्द काढला नाहीत, आजपर्यंत नाही. आमच्या ऑफिसात ताळेबंदात दोन रुपये जुळत नसतील तर मी खालच्या पोरांना ज्या सुरात बोलते, तो सूर मला त्या दुपारी आठवला.

गाडी सुरू केल्यावर रॉड स्वतःहून वर खेचला गेला तो क्षण मी मोबाईलवर घेतला आहे. स्कॅनरवरून पी ०२९९ हा 'टर्बोची हवा कमी' सांगणारा कोड पुसला आणि अमरावती रोडला वाडीच्या पुढे गेलो. तुम्ही शेजारी, सीट बेल्ट काढून टाकायला निघालेले. बिघाड असताना हवेच्या दाबाचा आकडा शंभर किलोपास्कलच्या आसपासच घुटमळायचा. इंजिन बंद असताना आपल्या नागपूरला तो ९७ च्या जवळपास दिसतो, म्हणजे टर्बो जवळजवळ काहीच भर घालत नव्हता. त्या दिवशी पाय दाबला आणि २१० पार गेला. पाठ सीटला टेकली. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आता थांबल्यावर लगेच बंद नको करू, मिनिटभर चालू राहू दे." टर्बोची बेअरिंग इंजिन ऑईलवर चालते, गरम असताना तेल थांबलं की तिथेच जळून बसतं, हे परत येताना रस्ताभर ऐकलं. आता आईसुद्धा घरी पोचल्यावर मिनिट मोजते आणि उतरत नाही.

जुनी डबी तुम्ही मागून घेतलीत. चार दिवसांनी हॅक्सॉने कापून आणून दाखवलीत. पडद्याच्या घडीत करंगळीच्या नखाएवढी चीर. एवढ्याशासाठी बेचाळीस हजार.

तुमचा व्हर्निअर माझ्याकडेच राहिलाय. तेल लावून त्याच ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून रविवारी आणते. वॅगन आर घेतलेल्या समोरच्या वहिनी विचारत होत्या की काका बायांना शिकवतात का. मी म्हटलं, पहाटे साडेसहाला यावं लागतं आणि विटा चालत नाहीत. त्या येणार आहेत. खुर्ची आमच्याकडची वापरा, तुमच्या खुर्चीचा मागचा पाय चिरलाय, मला खालून दिसला होता.

तुमची,
कंपाउंडपलीकडची